आगवाले मुकादमचाचा

काडी ओढण्याआधी मुकादमचाचा जमिनीला नाक लावत. शेगडी असो, बर्नर असो की बॉयलर, आधी गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही तळहात फरशीवर टेकायचे आणि नाक जमिनीपासून बोटभर अंतरावर आणून दीर्घ श्वास घ्यायचा, हा त्यांचा नेम. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच अवस्थेत, कुवेतमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या बॉयलर रूममध्ये. मला वाटलं नमाज चाललाय, म्हणून मी दाराबाहेर अदबीने उभा राहिलो. थोड्या वेळाने ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "कोण हाय? आत ये की. तिथं काय उभा?"

"तुमचा नमाज चालला होता, म्हणून..."

"नमाज? अरे, काबा तिकडे हाय." त्यांनी बरोबर पाठीमागे बोट दाखवलं. "मी गॅस हुंगत होतो. बाटल्यातला गॅस जड असतो, पाण्यासारखा खाली बसतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो कळत नाय. म्हणून तर उभी माणसं भाजतात."

मी तेव्हा नुकताच पुण्याहून खरेदी विभागात कारकून म्हणून आलो होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. हॉस्पिटलात मराठी माणसं बरीच होती. नर्सेस, लॅबमधले लोक, दोन डॉक्टर. पण या सगळ्यांत बाणकोटकडच्या खाडीकाठाहून आलेले अब्दुल्ला मुकादम हे एकटेच असे होते, की ज्यांना आपण परदेशात आहोत याचं काही अप्रूप नव्हतं. सोळाव्या वर्षी ते बोटीवर चढले आणि पुढची वीस वर्षं बोटींच्या पोटात भट्ट्यांवर आगवाले म्हणून राबले. जगातली बहुतेक मोठी बंदरं त्यांनी पाहिली होती, म्हणजे त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर 'खालून' पाहिली होती. नंतर कुवेतला उतरले ते हॉस्पिटलचे बॉयलर सांभाळायला. हजेरीपटात त्यांच्या नावापुढे 'हेल्पर' एवढंच लिहिलेलं असे.

त्यांच्यावर देखरेख ठेवायला सबनीस साहेब होते. त्यांच्या दारावरच्या पाटीत नाव एका ओळीत आणि पदव्या तीन ओळींत होत्या. खिशाला कायम तीन पेनं असत. साहेब वाईट नव्हते. फक्त, आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कळलं तर इमारत कोसळेल, अशा काळजीने ते वावरत.

चाचांचा विश्वास वेगळ्याच गोष्टींवर होता. शुक्रवारी ते मला शर्कच्या मासळी बाजारात न्यायचे. पापलेटाला तिथे जुबैदी म्हणतात. विकणारा जुबैदीची तारीफ सांगत असायचा आणि चाचा त्याच्याकडे न बघता माशाचे कल्ले उघडून आत पाहायचे.

"विकणाऱ्याला विचारू नको, भाऊ. माशाला विचार. तो मेलाय, त्याला खोटा बोलून काय मिळणार?"

विस्तवाबद्दलही त्यांचं हेच मत. "इस्तव खोटा बोलत नाय. निळा असला की समज बरा हाय. पिवळा झाला की समज त्याच्या पोटात दुखताय." मी शाकाहारी ब्राह्मण. मासे घ्यायला त्यांच्याबरोबर का जात होतो, याचं कारण घरी पत्रात मी कधी लिहिलं नाही. कारण एवढंच होतं, की आठवड्यात तेवढे दोन तास कुणी माझ्याशी हुद्द्याने बोलत नसे.

आता ज्या प्रकरणामुळे हे सगळं आठवतं ते सांगतो.

त्या उन्हाळ्यात हॉस्पिटलने दोन नव्या अ‍ॅम्ब्युलन्स घेतल्या आणि त्यांच्यासाठी मागच्या अंगणात गॅरेज बांधलं. कुवेतमध्ये गॅरेजला हीटर लागतो हे मी पुण्यात सांगितलं की लोक डोळे बारीक करतात. पण जानेवारीत वाळवंटातून वारा सुटला की पहाटे बोटं वाकत नाहीत, आणि ड्रायव्हर लोक तर चोवीस तास पाळ्यांनी तिथेच बसलेले. म्हणून छताला टांगायचा एक मोठा गॅस हीटर परदेशातून आला. त्याच्यासोबत चार भाषांतलं जाडजूड पुस्तक आलं. हीटर पेटेना तेव्हा लक्षात आलं, की त्या चारांतली एकही भाषा हीटरला येत नव्हती.

पेटेना म्हणजे अगदीच पेटेना असं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. सकाळी पेटायचा, दोन-दोन तास झकास चालायचा. मग कधीतरी ज्योत फडफडायची आणि टक्क असा आवाज होऊन सगळं गार. पुन्हा पेटवावा तर पाच मिनिटांत पुन्हा टक्क. दुपारी कुणी हात न लावता परत शहाणा. ड्रायव्हरांमध्ये ज्येष्ठ होते ते अबू सामी, भरघोस मिशांचे पॅलेस्टिनी गृहस्थ. त्यांनी हीटरला आपल्या मेव्हण्याचं नाव ठेवलं होतं.

सबनीस साहेबांनी पुस्तक उघडलं. अशा हीटरमध्ये एक लहान ज्योत कायम तेवत असते आणि तिच्यात तांब्याची एक कांडी असते. ज्योत विझली, कांडी गार झाली, की आतली झडप आपोआप गॅस बंद करते. कांडी खराब, असं साहेबांनी निदान केलं. कांडी बदलली. मग रेग्युलेटर बदलला. मग सिलिंडर बदलले. मग पुन्हा कांडी. प्रत्येक वेळी मागणीपत्र मी टाइप करायचो, त्यामुळे रोगी एक आणि प्रिस्क्रिप्शनं चार हे मला कागदोपत्री दिसत होतं. चाचांना कुणी विचारलं नाही. ते आपणहून जेवणाच्या सुट्टीत गॅरेजमध्ये जायचे आणि उलट्या डब्यावर बसून हीटरकडे नुसते बघत राहायचे.

"काय बघता चाचा?"

"ऐकतंय. आधी कान, मग डोळा, हात सगळ्यांत शेवटी. साहेबांचा हात आधी."

आठवडाभराने ते मला म्हणाले, "अर्धा कळला. मोठा दार उघडा असला की शेगडी मजेत. दार लावला की अर्ध्या तासात तिचा जीव घाबरा होतो. कांडीचा काय चुकलेला नाय. ती बिचारी आपला काम करताय. पण जीव का घाबरतो, ते मना अजून दिसत नाय."

एवढ्यात उद्घाटन ठरलं. गॅरेज सहा महिने वापरात होतं, उद्घाटन तेवढं राहिलं होतं. आमचे मुदीर, म्हणजे हॉस्पिटलचे संचालक, स्वतः उत्तम डॉक्टर होते. पण मंत्रालयातल्या एका बड्या पाहुण्याला बोलावल्याशिवाय त्यांना चैन पडेना. गुरुवारी सकाळी फीत, भाषणं, खजूर आणि कॉफी. पाहुण्यांना थंडी वाजता कामा नये.

बुधवारी सबनीस साहेबांनी चाचांना बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो.

"मुकादम, सिंपल गोष्ट आहे. ते लाल बटण दाबून ठेवलं की झडप उघडी राहते. तारेने बांधून टाका. तासाभराचा तर प्रश्न."

"साहेब, ती झडप बंद होते ती उगाच होत नाय. शेगडी काहीतरी सांगताय. मना दोन दिवस द्या."

"दोन दिवसांनी पाहुणे येणार आहेत का? बांधा म्हणतो ना."

"आगीचा तोंड बांधू नये, साहेब. बोटीवर एकानं बांधला होता. त्याच्या बायकोला खत मी लिवून घेतला."

साहेबांनी टेबलावरचा एक कागद सरळ केला. आधीही तो सरळच होता. "तुमच्या इकाम्याचा फॉर्म माझ्याकडे आहे, मुकादम. शनिवारी शिफारस जायचीय. विचार करा."

इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो गेला की माणूस गेला. चाचांना एकच वर्ष हवं होतं, आणि ते का हवं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांची धाकटी मुलगी, जैबुन्निसा, रत्नागिरीला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. खाडी ओलांडून शिकायला गेलेली त्यांच्या मोहल्ल्यातली ती पहिलीच मुलगी. भाऊबंदांना ते पसंत नव्हतं. "मी कुवेतला हाय तवर माझा शब्द चालतो," चाचा म्हणायचे. "कुवेतवाल्याचा शब्द मोठा. मना परत पाठवला असा गावात कळला, की दुसऱ्या दिवशी पोरीला घरी बसवतील. एक वर्ष, भाऊ. मग ती मास्तरीण. मग तिचाच शब्द चालंल."

चाचांनी फॉर्मकडे एकदा पाहिलं. "माझा विचार झालाय," असं म्हणाले आणि निघून गेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फाइलकडे पाहिलं. संध्याकाळी मी गॅरेजवरून जात होतो, तेव्हा कोट काढून, शिडीवर चढून साहेब स्वतः तार बांधत होते. त्यांना हाताने काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. काम चांगलं झालं होतं.

गुरुवारी सकाळी नेमका तोज सुटला. हे धुळीचं वादळ उन्हाळ्यातलं, पण हिवाळ्यातही एखादा दिवस ते हक्काने येतं. दोन्ही अ‍ॅम्ब्युलन्स बाहेर अंगणात काढल्या होत्या. आत साठेक माणसं, सोनेरी खुर्च्या, भिंतींना हिरवं कापड. धूळ नको म्हणून मोठं शटर पूर्ण खाली ओढलं. गाड्यांचा धूर बाहेर फेकणारा भिंतीतला पंखा घरघरत होता. वर हीटर अखंड जळत होता, आणि त्याच्याकडे बघताना साहेबांच्या चेहऱ्यावर पितृत्वाचा भाव होता.

पाहुणे बोलायला उठले. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. मला जांभई आली. शेजारच्या नर्सला आली. पहिल्या रांगेतल्या दोघांनी डोळे मिटले. माझं डोकं जड झालं आणि कानशिलं ठणकायला लागली. सरकारी भाषणांचा माझ्यावर होणारा परिणाम मला जुना ओळखीचा होता, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. मुदीरांनीही रुमालामागे जांभई दिली, तेव्हा मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

चाचा शेवटच्या रांगेमागे उभे होते. ते भाषणाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर वर होती. मीही वर पाहिलं. हीटरची ज्योत पिवळी झाली होती, लांब आणि आळशी. मग चाचांची नजर भिंतीवर उतरली, हिरव्या कापडावर, आणि तिथे खिळली. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं त्यांना काहीतरी चावलं.

पुढच्या क्षणी ते चालायला लागले. कडेने नव्हे, सरळ मधून. सोनेरी खुर्च्यांमधून, पाहुणे आणि माइक यांच्यामधून. सबनीस साहेब दबक्या आवाजात "मुकादम! मुकादम!" करत होते. चाचांनी शटरची साखळी धरली आणि बोटीवरच्या माणसाच्या जोराने ओढली. शटर कडकडत वर गेलं. वारा आणि धूळ एकदम आत घुसली, पाहुण्यांच्या भाषणाची पानं छतापर्यंत उडाली आणि खजुरांवर वाळवंटाची वाळू पसरली.

"भायेर!" चाचा ओरडले. पुढे हिंदीत, अरबीत, इंग्रजीत, बंदरावर जेवढ्या भाषा शिकले त्या सगळ्यांत ओरडले. "सगळे भायेर! हवा जहर झालीय!" आणि सिलिंडरची चावी बंद करायला धावले.

माणसं रागाने उठली, आणि उठल्यावर बऱ्याच जणांना कळलं की आपले पाय धड नाहीत. अबू सामी उठलेच नाहीत. ते खुर्चीवर एका बाजूला कलंडले होते, आणि मिशांवरचा चेहरा लालबुंद झाला होता. मुदीर त्यांच्याजवळ पोचले तेव्हा ते संचालक उरले नव्हते, नुसते डॉक्टर होते. त्यांनी एकदा अबू सामींचा चेहरा पाहिला, एकदा हीटर पाहिला आणि ऑक्सिजन मागवला. तो शेजारी उभ्या असलेल्या नव्या अ‍ॅम्ब्युलन्समधूनच आला. उद्घाटन चालू असतानाच गाडीला पेशंट मिळाला, तोही तिचाच ड्रायव्हर. अर्ध्या तासाने अबू सामींनी डोळे उघडले आणि मेव्हण्याला शिवी दिली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तोवर चाचांनी भिंतीवरचं हिरवं कापड ओढून काढलं होतं. त्यामागे, टायरांच्या मांडणीच्या आड, जमिनीलगत आणि छताजवळ हवेसाठी ठेवलेल्या जाळ्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या वर्तमानपत्रांनी बंद केलेल्या. खळीने, थरावर थर. कुवेतमध्ये जूनचा तोज आला की प्रत्येक घर हेच करतं. खिडकीच्या फटीत कागद, दाराखाली गोणपाट. नव्या गॅरेजमध्ये धूळ येते म्हणून ड्रायव्हरांनी तक्रार केली, आणि चाचांनी सवयीने कणकेची खळ शिजवून एका दुपारी सगळ्या जाळ्या चिकटवून टाकल्या. मग समोर टायर आले आणि सगळे विसरले. आता पंखा आतली हवा बाहेर ओढत होता, नवी हवा आत यायला वाट नव्हती, म्हणून धुरांड्यातला धूरच उलटा खाली येत होता. शेगडी महिनाभर गुदमरून विझत होती. विझत होती म्हणूनच माणसं वाचत होती.

वर्तमानपत्रं मराठी होती. कुवेतला दोन आठवडे उशिरा येणारे ते अंक माझ्याशिवाय कुणी घेत नसे. खळ लावायला कागद पाहिजेत म्हणून चाचांनी मागितले, आणि मी गठ्ठा दिला होता. अग्रलेखांनी हवा कोंडते असं मला पूर्वीपासून वाटायचं. पुरावा पहिल्यांदाच मिळाला.

अंगणात मुदीर उभे होते. हातात ती तार होती. "हे कुणी केलं?"

चाचा पुढे झाले. "मुदीरसाहेब, हवा मी कोंडली. ते कागद मी चिकटवले. माझी चूक."

"आणि तार?"

"ती मी बांधली नाय."

"मग कुणी?"

"ज्यानं बांधली तो सांगल."

सबनीस साहेब टायवरची धूळ झटकत होते. मला सगळं माहीत होतं, आणि मी माझ्या बुटांकडे बघत होतो. पोकळ माणसांची थट्टा करण्यात माझी हयात गेली. त्या अंगणात माझ्याइतकं पोकळ दुसरं काही नव्हतं.

शनिवारी साहेबांनी अहवाल तयार केला. 'हेल्परने स्वतः कबूल केलेल्या निष्काळजीपणामुळे' असं त्यात होतं, तारेबद्दल 'अज्ञात व्यक्ती' आणि शेवटी 'इकाम्याची शिफारस करता येत नाही'. मी तो एकही चूक न करता टाइप केला. मग खाली बॉयलर रूममध्ये गेलो. चाचा चहा करत होते.

"काय लिवलाय?"

मी वाचून दाखवलं. ते मान हलवत ऐकत होते. "कागदाचा खरा हाय," ते म्हणाले. "तारेचा खोटा. आणि हा टाइप तू केलास?"

"माझं कामच ते, चाचा."

"हां. तुझा काम." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "साखर बघ. कमी असली तर सांग."

मला शिव्या दिल्या असत्या तर मी वाद घातला असता. वाद घालायला मला येतं. पण साखर बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी मुदीरांच्या केबिनमध्ये गेलो आणि जे पाहिलं ते सांगितलं. बुधवारचं बोलणं, फॉर्मची धमकी, शिडी, तार. वर्तमानपत्रं माझी होती, हेही सांगितलं.

"काय लिहिलेलं असतं त्यांत?" मुदीरांनी विचारलं.

"सरकारने काय करायला हवं, ते."

"आमच्याकडेही तेच असतं," ते म्हणाले. "तुम्हाला काही होणार नाही असं वाटून आलात?"

"नाही. होईल असं वाटूनच आलोय."

"मायेखालिफ," ते म्हणाले. म्हणजे, असू दे. आणि सबनीस साहेबांना आत बोलावलं. आत काय झालं मला माहीत नाही. वीस मिनिटांनी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि अहवालाला जोडलेला चाचांचा फॉर्म मागितला. खिशात तीन पेनं होती, पण सही करायला त्यांनी माझं पेन घेतलं. "साने," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला पुस्तकात ते जाळ्यांचं पान सापडलं. शेवटच्या भागात होतं. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं." इतकी मोठी कबुली मी त्यांच्याकडून पुन्हा कधी ऐकली नाही.

मी फॉर्म घेऊन धावतच खाली गेलो. चाचांनी तो दोन्ही हातांत धरला, डोळ्यांना लावला, आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेबाचा काय झाला? काढला तर नाय ना? त्याची पण पोरं हायत इथं, रिग्गईच्या घरी." काढलं नव्हतं. ताकीद मिळाली होती. त्या शुक्रवारी चाचांनी दोन जुबैदी घेतल्या आणि एक सबनिसांच्या घरी नेऊन दिली. साहेबही माझ्यासारखेच शाकाहारी. पण दार उघडून त्यांनी ती घेतली, एवढं मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात रत्नागिरीहून तार आली. जैबुन्निसा पास झाली होती, आणि खाडीपलीकडच्याच शाळेत तिची नेमणूकही लागली होती. चाचांनी आठवडाभरात राजीनामा दिला. कुवेतमधला प्रत्येक माणूस 'अजून एक वर्ष' म्हणून आलेला असतो आणि त्या एका वर्षाची पंधरा करतो. इकामा शिल्लक असताना कुणी आपणहून निघालेला मी पाहिला नव्हता. मुदीरांनी थांबा म्हटलं, सबनीस साहेबांनीही म्हटलं. मी तर गाठोडं बांधायला बसलेल्या माणसापुढे हिशेबच मांडला.

"चाचा, यंदाही इकामा वाढलाय. आठ महिने शिल्लक आहेत तुमचे. वाया जातील."

ते गाठोड्याची दोरी आवळत होते. "काम झाला, भाऊ," ते म्हणाले. "कोळसा शिल्लक राह्यला म्हणून काय जाळायचा असता?"

मी त्यानंतर नऊ वर्षं तिथे राहिलो. दर वर्षी कारण वेगळं असायचं, आणि दर वर्षी ते मला पटायचं.